वर्गाच्या ग्रुपवरचे गप्प मेंबर

सायबर सुरक्षेचं लेक्चर आता बऱ्याच शाळांमध्ये वर्षातून एकदा होतंच. बाहेरून कोणीतरी पाहुणे येतात, प्रोजेक्टर लागतो, पासवर्ड कोणाला सांगू नका, अनोळखी माणसाशी चॅट करू नका, स्वतःचे फोटो टाकू नका, लिंकवर क्लिक करू नका, मग अंगावर काटा येईल अशी एखादी गोष्ट, पोरं जरा वेळ टरकतात, आभारप्रदर्शन, टाळ्या, संपलं. यात सांगितलेलं काही चुकीचं नसतं. पण तासभर ऐकून मुलाच्या डोक्यात राहतं काय, तर मी बिचारा आणि वाईट माणूस म्हणजे कुठेतरी लांब बसलेला हॅकर बिकर. समोर बसलेल्यांपैकीच कोणीतरी काल रात्री वर्गातल्या एकीला रडवलंय आणि बाकीच्यांनी ते बसून बघितलंय, हे त्या स्लाइड्समध्ये कुठे येतच नाही.

मी शिकवते, त्यामुळे ही लेक्चरं मागच्या बाकावर बसून भरपूर ऐकली आहेत, आणि माझी तक्रार सरळ आहे. आपण मुलांना स्वतःला वाचवायला शिकवतो, दुसऱ्याशी कसं वागायचं ते शिकवत नाही. आणि जेव्हा शिकवायला जातो तेव्हा फक्त दोघांनाच धरतो, त्रास देणाऱ्याला ओरडतो, त्रास झालेल्याला समजावतो. जे तीस-पस्तीस जण नुसते बघत बसले होते त्यांच्याकडे कोणी वळूनसुद्धा बघत नाही, आणि माझ्या मते शिकवायला सुरुवात करायची तर त्यांच्यापासूनच.

आधी त्रास नक्की कसला असतो ते बघू. प्यू रिसर्च सेंटरने २०२२ मध्ये अमेरिकेतल्या १३ ते १७ वयाच्या मुलांना विचारलं होतं, ऑनलाइन छळाचे सहा प्रकार समोर ठेवून, आणि ४६ टक्के मुलं म्हणाली की यातला एक तरी प्रकार आपल्या बाबतीत झालाय. सगळ्यात वरती काय होतं? घाणेरड्या नावांनी हाक मारणं, ३२ टक्के. त्याच्या खाली खोट्या अफवा पसरवणं, २२ टक्के. आता अफवा पसरवायला आधी ओळख लागते, कुठल्या परक्या माणसाला पडलंय की आठवीतली अमुक मुलगी कोणाशी बोलते आणि कोणाशी बोलत नाही. असली कामं बहुतेक करून ओळखीचेच करतात, शेजारच्या बाकावर बसणारे, आणि लेक्चर मात्र सगळं परक्यावर.

नेहमी होणारा प्रकार सांगते, कुठल्याही वर्गाला लावून बघा. एक मुलगी समोर उभी राहून प्रेझेंटेशन देतेय, बोलताना तोंड अर्धवट उघडं, डोळे मिटता मिटता पकडलेले, तेवढ्यात कोणीतरी फोटो काढतो. संध्याकाळपर्यंत त्याचं स्टिकर होतं. एकजण ग्रुपवर टाकतो, दोघं हसण्याचे इमोजी देतात, तिसरा त्यावर काहीतरी मजकूर चिकटवतो, चौथी ते सेव्ह करून दुसऱ्या ग्रुपवर 'बोअर होतंय' म्हणून वापरते. ती मुलगी अर्ध्या तासाने लिहिते, डिलीट कर ना प्लीज. मग ती स्वतःच्या त्या मेसेजवर बोट दाबून धरते, इन्फो उघडते, आणि कोणी कोणी वाचलं त्याची यादी बघत बसते. यादी वाढत जाते. एक नाव, अजून तीन नावं, तिची डबा खाणारी मैत्रीणसुद्धा त्यात आली. उत्तर कोणाचंच नाही. थोड्या वेळाने कोणीतरी उद्या गणिताचं काय आणायचंय असं विचारतं आणि त्याला मात्र लगेच चार उत्तरं.

दुसऱ्या दिवशी यातल्या कोणालाही विचारा, तो म्हणणार मॅडम मी काहीच नाही केलं. आणि ते अगदी खरं आहे, त्याने काहीच केलं नाही, आणि त्या मुलीला झोप लागली नाही ती एका स्टिकरमुळे कमी आणि त्या यादीमुळे जास्त.

हे काही माझं नवीन संशोधन नाही. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्येच दाखवलं होतं की वर्गातली दादागिरी ही दोघांची गोष्ट नसते, त्यात हाताखालचे असतात, चेव देणारे असतात, बाजू घेणारे असतात आणि लांब राहणारे असतात, म्हणजे जवळजवळ सगळा वर्गच त्यात असतो. त्याच विचारावर तिथल्या टुर्कू विद्यापीठाने कीवा नावाचा कार्यक्रम तयार केला आणि २००९ पासून तो देशभरातल्या शाळांमध्ये नेला. त्यात मुख्य भर बघणाऱ्यांवर. मोठ्या चाचणीत छळ कमी झालेला दिसला, जादू वगैरे नाही झाली, पण कमी झाला, आणि शाळांमध्ये ज्या शंभर गोष्टी करून काहीच फरक पडत नाही त्या मानाने हे खूप आहे. तो कार्यक्रम मुळात शाळेतल्या छळासाठी होता पण वर्गाचा ग्रुप म्हणजे तोच वर्ग, फक्त घंटा न होणारा.

आता लोक म्हणतील आजकालची पिढीच तशी, संस्कार नाहीत. हे ऐकलं की मला एक जुना कागद आठवतो. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ म्हणून नेटवर कसं वागावं याचं एक टिपण काढलं होतं. त्यात काय काय आहे बघा, भावनेच्या भरात उत्तर लिहिलं असेल तर रात्रभर थांबून मग पाठवा, सगळी अक्षरं कॅपिटलमध्ये लिहू नका ते ओरडल्यासारखं वाटतं, पोस्टकार्डवर लिहिणार नाही ते ईमेलमध्ये लिहू नका, कोणी डिवचलं तरी भडकून लिहू नका. हे टिपण होतं कोणासाठी तर तेव्हा नेटवर नव्याने येणाऱ्यांसाठी, म्हणजे बहुतेक मोठ्या माणसांसाठीच, आणि त्यांना हे लिहून द्यावं लागत होतं म्हणजे काय समजायचं ते समजा. संस्कार त्यांच्यावरही झालेच असतील की.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये या वागण्याची कारणं नीट मांडली. समोरचा दिसत नाही, आपण कोण ते कळेलच असं नाही, उत्तर लगेच येत नाही, समोरच्याचा आवाज आपणच आपल्या डोक्यात तयार करतो, आणि मोठा-लहान कोणीच जाणवत नाही, यामुळे तोंडावर जे बोलायला जीभ रेटणार नाही ते लिहिताना बिनधास्त लिहिलं जातं. एरवी वर्गात कोणी कोणाला बोललं तर समोरच्याचा चेहरा पडलेला दिसतो आणि बोलणारा आपोआप थोडा मागे येतो, सॉरी म्हणत नाही पण विषय बदलतो. फोनवर तो पडलेला चेहराच गायब असतो. त्यामुळे चांगल्या घरातलं, एरवी शहाणं मूलसुद्धा तिथे घसरतं, आणि मग सगळे म्हणतात, अरे हा असं करेल असं वाटलं नव्हतं.

आणि मधे जरा अडथळा आला तर हीच माणसं सुधारतात सुद्धा. ट्विटरने २०२१ मध्ये सांगितलं होतं की शिवराळ उत्तर पाठवायच्या आधी 'एकदा बघून घ्या' अशी सूचना आल्यावर ३४ टक्के लोकांनी उत्तर बदललं किंवा पाठवलंच नाही. आकडा कंपनीचा स्वतःचाच आहे तेव्हा थोडा हातचा राखून घ्या, पण तरी. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं आणि असे मेसेज ७० टक्क्यांनी कमी झाले म्हणून सांगितलं. त्या लोकांना कोणी मूल्यशिक्षण दिलं नव्हतं. फक्त बोट आणि बटण यांच्यामध्ये दोन सेकंद घातले. मला यातून एवढंच कळतं की हा बराचसा सवयीचा मामला आहे, आणि सवय लावायची तर भाषण उपयोगाचं नाही, परत परत करून घ्यावं लागतं, पाढ्यांसारखं.

वर्गात मी काय करते ते सांगते, काही ग्रेट नाही, कोणालाही जमेल. फळ्यावर एकच वाक्य लिहायचं, 'तू खरंच असं करणार आहेस?' आणि तिघांना वेगवेगळं वाचायला सांगायचं, एकाने आश्चर्याने, एकाने टोमणा मारून, एकाने काळजीने. मुलं खूप हसतात, मग हळूहळू कोणीतरी म्हणतं, मॅडम म्हणूनच त्या दिवशी भांडण झालं. नंतर नुसतं 'ओके' आणि पुढे पूर्णविराम, यावर तर वाद सुरू झाला की तास संपला समजा, पूर्णविराम म्हणजे राग आलाय असं निम्म्या वर्गाचं ठाम मत असतं आणि आपल्या वयाच्या माणसाला हे माहीतच नसतं.

त्याच्या पुढच्या तासाला स्टिकरवाला प्रसंग, नावं अर्थातच काढून टाकलेली, आणि कागदावर लिहायचं की अशा वेळी तू काय करशील. काय करायला पाहिजे ते नाही लिहायचं, खरंच काय करशील ते. नाव घालायचं नाही. बहुतेक कागदांवर येतं 'इग्नोर'. काहींवर 'म्यूट'. मी त्यावर रागवत नाही कारण ती उत्तरं प्रामाणिक आहेत. मग विचारायचं, का? आणि इथे मुलं आपल्याला शिकवतात. एकजण सरळ म्हणाला, मॅडम ग्रुपवर बोललो तर उद्या माझं स्टिकर बनेल. आता यावर काय बोलणार, बरोबरच आहे त्याचं! म्हणून पुढे येऊन लढा, अन्यायाविरुद्ध आवाज उठवा असले फलक मला पटत नाहीत, तेरा वर्षांच्या पोराकडून आपण जे मागतो ते आपण ऑफिसात तरी करतो का.

त्यापेक्षा स्वस्तातल्या गोष्टी शोधायच्या, आणि मुलांनीच शोधायच्या. ज्याने टाकलंय त्याला वेगळा मेसेज करून सांगायचं की काढून टाक यार, चारचौघांत न बोलता असं वेगळं सांगितलं की त्याची पण लाज राहते आणि तो ऐकण्याची शक्यता वाढते. तिला वेगळा मेसेज करायचा, फार काही नाही, 'मला नाही आवडलं ते' एवढं पुरतं. हसण्याचा इमोजी द्यायचा नाही. स्टिकर सेव्ह करायचं नाही, पुढे तर अजिबात पाठवायचं नाही. विषय बदलायचा, पण तिच्या मेसेजला उत्तर देऊन मग बदलायचा. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी जाऊन बसायचं. यातलं कुठलंही केलं तर स्वतःचं स्टिकर होण्याची भीती फारशी नाही. आणि एकदा का वर्गात यावर उघड बोलणं झालं ना, की प्रत्येकाला कळतं की आवडलं नव्हतं असे आपण एकटेच नव्हतो, मला वाटतं निम्मं काम तिथेच होतं.

बंदीचं बोलू, कारण पालकसभेत पहिला प्रश्न तोच येतो, फोनच काढून घ्या ना. फ्रान्सने २०१८ मध्ये शाळेत मोबाइलवर कायद्याने बंदी आणली. ऑस्ट्रेलियाने तर २०२४ मध्ये कायदा करून १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची अकाऊंटच बंद केली, जबाबदारी कंपन्यांवर, दंड सुमारे पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. माझा याला विरोध नाही, वर्गात फोन नको हे तर मी दोन्ही हात वर करून म्हणेन. पण मेसेजिंगचे अ‍ॅप ऑस्ट्रेलियाच्या त्या बंदीत येत नाहीत, म्हणजे आपलं स्टिकर आणि आपला ग्रुप जिथल्या तिथे. आणि अमेरिकेच्या १९९८ च्या कोपा (COPPA) या मुलांची ऑनलाइन माहिती जपणाऱ्या कायद्यामुळे अकाऊंट उघडायला तेरा वर्षांची अट जगभर पसरली तिचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे, जन्मसाल मागे करून अकाऊंट उघडून देणारे बरेचदा आईबाबाच असतात. सोळा पूर्ण झाल्यावर जे मूल पहिल्यांदा आत जाईल त्यालाही वागणं कुठूनतरी शिकावं लागणारच, मग ते आधी का नाही.

उलट उशीर झाला की काय होतं ते स्पेनमध्ये दिसलं. अल्मेंद्रालेखो नावाच्या गावात २०२३ मध्ये वीसपेक्षा जास्त मुलींचे साधे, कपड्यातले फोटो घेऊन एआय अ‍ॅपने नग्न फोटो बनवले गेले आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरले. करणारी पोरं ओळखीचीच. २०२४ मध्ये कोर्टाने पंधरा मुलांना एक वर्षाची देखरेखीची शिक्षा दिली आणि त्यासोबत तंत्रज्ञान जबाबदारीने कसं वापरायचं याचे वर्ग सक्तीचे केले. म्हणजे जो तास वेळापत्रकात असायला हवा होता तो निकालपत्रात आला. आणि ते फोटो ज्यांच्या ज्यांच्या फोनवर येऊन पडले, ज्यांनी उघडून बघितले आणि पुढचा मेसेज वाचायला घेतला, त्यांच्यासाठी कसलाच वर्ग नाही.

एक धोका मात्र मला फार खरा वाटतो. 'आदराने वागा' हे शाळेच्या हातात पडलं की त्याचं 'आमच्याविरुद्ध बोलू नका' कधी होतं ते कळत नाही. 'पेपर सिलॅबसच्या बाहेरचा होता, आम्हाला मान्य नाही' हे एखाद्या विद्यार्थ्याने उघड लिहिलं तर त्यात अनादर काय आहे? उद्धट वाटेल, वाटू दे. पण त्याच शिक्षकांच्या तोतरेपणाची नक्कल करून व्हिडिओ टाकला तर ती तक्रार राहत नाही, तो माणसावर केलेला वार आहे. हा फरक मुलांना चटकन कळतो, मोठ्यांनाच कळायला वेळ लागतो. पेनसिल्व्हेनियात एका मुलीने चीअरलीडिंगच्या मुख्य टीममध्ये निवड झाली नाही म्हणून सुट्टीच्या दिवशी, शाळेच्या बाहेर, स्नॅपचॅटवर शाळेला शिव्या घातल्या, शाळेने तिला वर्षभर टीमबाहेर काढलं, आणि ते प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन २०२१ मध्ये आठ विरुद्ध एक असा निकाल तिच्या बाजूने लागला. त्याच निकालात कोर्टाने हेही म्हटलं की कोणाचा गंभीर छळ होत असेल, कोणाला धमकी दिली असेल, तर शाळेबाहेर घडलेल्या गोष्टीतही शाळा लक्ष घालू शकते. मला ही रेघ पटते. संस्थेला शिव्या घातल्या तर संस्थेने सहन करावं, माणसाचा छळ झाला तर मधे पडावं. बहुतेक शाळा नेमकं उलटं करतात, शाळेची बदनामी झाली की तासाभरात पालकांना फोन जातो आणि मुलीचं स्टिकर फिरलं की 'ते तुमचं आपापसातलं आहे'.

प्रायव्हेट ग्रुप प्रायव्हेट नसतो हे पण सांगावं, पण घाबरवायला नाही. हार्वर्डने २०१७ मध्ये किमान दहा जणांचे प्रवेश रद्द केले, कारण त्यांनी आपापसातल्या फेसबुक ग्रुपवर अत्यंत हिणकस मीम टाकले होते. गोष्ट खरी आहे आणि मुलं कान टवकारून ऐकतात. फक्त त्यातून 'पकडले जाऊ नका' एवढंच डोक्यात गेलं तर पुढच्या वेळी ती वेगळा ग्रुप काढतील, इतकंच.

मोठ्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर लिहायला बसलं तर हा लेख संपायचा नाही. गृहपाठ न आणणाऱ्यांची नावं, चाचणीचे मार्क, शिक्षा म्हणून उभ्या केलेल्या मुलांचा फोटो, हे पालकांच्या ग्रुपवर टाकणारे शिक्षक आहेत. मुलाचे रडतानाचे व्हिडिओ 'किती क्यूट' म्हणून स्टेटसला ठेवणारे आईबाबा आहेत. फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये मुलांच्या फोटोंवरच्या हक्काचा कायदाच आला, आईबाबांनी मुलाच्या प्रतिमेचा हक्क जपायचा आणि वयाप्रमाणे त्याचंही म्हणणं विचारात घ्यायचं. कायदा राहू दे बाजूला, फोटो टाकू का असं मुलाला एकदा विचारलं तरी परवानगी घेणं म्हणजे काय असतं ते त्याला घरातच समजतं.

शेवटचा मुद्दा सगळ्यात व्यवहाराचा. मुलं सांगत का नाहीत? विचारून बघा, उत्तर ठरलेलं असतं, फोन काढून घेतील. म्हणजे ज्याला त्रास झाला त्यालाच शिक्षा, मग कोण सांगेल. म्हणून शाळेने हे तोंडी न ठेवता लिहून द्यावं, मुलांना आणि पालकांना दोघांनाही, की जो सांगेल त्याचा फोन जाणार नाही, पूर्ण ग्रुप बंद होणार नाही, त्याचं नाव वर्गात घेतलं जाणार नाही, आणि सांगायचं कोणाला ते एका माणसाचं नाव लिहून, 'संबंधित शिक्षक' असं नाही. दुसऱ्यासाठी सांगितलं तरी हेच लागू, आणि ते वाक्य ठळक छापावं, कारण स्वतःबद्दल सांगणारी मुलं कमी आणि मैत्रिणीबद्दल सांगायला तयार असलेली बरीच असतात. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवा हे आपण सांगतोच, पण नग्न फोटो असेल तर स्क्रीनशॉट काढायचा नाही, शिक्षकांना दाखवायला म्हणूनसुद्धा कोणाला पाठवायचा नाही, बऱ्याच देशांत अल्पवयीन मुलांचा असा फोटो नुसता जवळ ठेवणं पण गुन्हा आहे. तो फोन तसाच घेऊन त्या नाव लिहिलेल्या माणसाकडे जायचं. आणि त्या माणसाने सगळ्यात आधी 'तू त्या ग्रुपवर होतासच कशाला' हे विचारायचं नाही, हे त्याच कागदावर, शिक्षकांसाठीच्या भागात, पहिल्या ओळीत हवं.